भाडेकरणीचं दार

किल्लीवाल्यांना त्या रस्त्यावर कोणी नावानं ओळखत नसे. अडतीस वर्षं एकच दुकान, एकच बाकडं आणि बाकड्यामागे खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्यांच्या रांगा. पंख्याचा वारा लागला की त्या हलायच्या आणि दुकानभर बारीक किणकिण उठायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते डोळे मिटून ती ऐकत बसत.

"झोपलात का?" समोरचा शिंपी विचारायचा.

"ऐकतोय."

"घोरताना बरं ऐकू येतं तुम्हाला!"

डोळे मिटणं हा तसा त्यांच्या कामाचाच भाग होता. कुलपाच्या आत दिसत तर काही नाही. बारीक तार घालायची आणि बोटांच्या टोकांनी पाहायचं. आतली एकेक खुंटी उचलली जाऊन जागेवर बसते तेव्हा तारेतून कळेल न कळेल असा एक ठोका येतो. असे पाच ठोके आले की कुलूप फिरतं. लहानपणी पाण्यात बुडी मारल्यावर जसं सगळं लांब आणि मऊ होऊन जायचं, तसं त्यांना या कामात व्हायचं. रस्ता, गाड्या, शिंप्याचं मशीन, सगळं वर कुठेतरी राहायचं आणि खाली फक्त बोटं असायची.

पण त्यांचं नाव झालं होतं ते आतून बंद झालेल्या दारांसाठी. कोणाचे वडील हाकेला ओ देत नाहीत, कोणाचं मूल आतून कुलूप लावून बसलंय, की माणसं धापा टाकत त्यांच्याकडे यायची. त्यांची पद्धत ठरलेली होती. तीनदा थाप मारायची, आपण कोण ते मोठ्यानं सांगायचं, मनात साठ मोजायचे, मगच तार घालायची. बहुतेक वेळा आत काहीच झालेलं नसायचं. एकदा एक आजोबा कानातलं यंत्र काढून निवांत दाढी करताना सापडले आणि साबणानं माखलेल्या गालानं विचारते झाले, "आपण कोण?" पण दार उघडलं की बाहेरच्यांचा जीव भांड्यात पडायचा. कोणी हात धरायचं, कोणी रडायचं. बंद दार म्हणजे संकट आणि उघडलं दार म्हणजे सुटका, असं त्यांचं साधं शास्त्र होतं.

एका दाराच्या बाबतीत मात्र ते साठ मोजायला विसरले होते.

मुलगी सोळा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शाळेतून आली, खोलीत गेली आणि आतून कुलूप लावून बसली. दुपारची संध्याकाळ होत आली. बायकोचा धीर सुटला. किल्लीवाल्यांनी तीनदा थाप मारली आणि दहा मोजून व्हायच्या आत कुलूप उखडून हातात घेतलं. मुलगी खिडकीत बसली होती. नुसतीच, बाहेर बघत. तिनं वळून एकदा दाराकडे पाहिलं, एकदा वडिलांच्या हातातल्या कुलपाकडे.

"बाबा, मी येणारच होते," एवढंच ती म्हणाली.

ते कुलूप परत बसवायचं राहून गेलं. गावभर कुलपं बसवणाऱ्याच्या घरात दाराला गोल भोक राहिलं. दुपारी वाऱ्यानं दार लोटलं गेलं की त्यातून उन्हाचा एक गोल कवडसा बाहेरच्या फरशीवर पडायचा आणि सरकत सरकत भिंतीवर चढायचा. मुलीनं त्यानंतर दार कधी लावलं नाही. झोपतानाही ते सताड उघडं. किल्लीवाले चारचौघांत कौतुकानं सांगायचे, "आमच्या घरात कोणी दारं लावून बसत नाही." पुढे मुलगी शिकली, दूरच्या शहरात नोकरीला लागली. फोन करायची तो आईला. 'बाबा कसे आहेत' हेही आईलाच विचारायची.

अशी अकरा वर्षं गेली. आणि एका सकाळी ती हातात काचेची पेटी घेऊन टॅक्सीतून उतरली.

"हे काय गं?" आईनं विचारलं.

"टॅरँटुला."

"म्हणजे?"

"कोळी, आई. जरा मोठा."

आईनं वाकून पाहिलं. पेटीत वीतभर माती होती, मातीवर झाडाच्या सालीचा तुकडा होता आणि सालीच्या तोंडाशी तळहाताएवढं, तपकिरी, केसाळ असं काहीतरी आठ पाय पसरून बसलं होतं. आई दोन पावलं मागे सरकली आणि खुर्चीवर बसली. "जरा?" ती म्हणाली. "याला तू जरा म्हणतेस?"

मुलीला जमिनीच्या मोजणीच्या कामावर पाच महिने तंबूत राहायचं होतं. तिथे पेटी नेणं शक्य नव्हतं. सगळं आईला सांगून झाल्यावर ती वळली.

"बाबा, तुम्ही बघाल हिच्याकडे?"

अकरा वर्षांत तिनं त्यांच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. कोळी सोडाच, तिनं वाघ सांभाळायला दिला असता तरी ते हो म्हणाले असते.

पेटीच्या झाकणावर तिनं कागद चिकटवला होता. आठवड्याला एक रातकिडा. वाटीत ताजं पाणी. ऊन नको. काचेवर टकटक करू नका. आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून: *तिनं दार बंद करून घेतलं तर उघडू नका.*

ती गेल्यावर बायकोनं तो कागद चष्मा लावून वाचला. "ही शेवटची ओळ मला उद्देशून नाही हं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

किल्लीवाल्यांनी पाहुणीला पहिल्याच दिवशी दुकानात नेलं. घरी एकटी काय करेल बिचारी, हा विचार. बाकड्यावर, किल्ल्या घासायच्या मशीनशेजारी तिला जागा दिली. शिंपी हातात टेप घेऊन आला.

"काय, घेऊ का हिचं माप?"

"भाडेकरीण आहे. पाच महिन्यांची."

"आठ पायांची चप्पल दाराशी काढायला सांगा."

ते नाव तिला चिकटलं. पण भाडेकरणीचं वागणं काही त्यांच्या ध्यानात येईना. पाण्याची वाटी स्वच्छ धुऊन ठेवावी तर ही तासाभरात तिच्यात माती लोटायची. त्यांनी परत धुवावी, तिनं परत भरावी. एकदा वाटी उचलायला हात घातला तर तिनं पुढचे पाय वर केले. किल्लीवाल्यांना वाटलं, ओळख पटली. शिंप्याला दाखवायला म्हणून हात आणखी पुढे नेला, तेव्हा ती गर्रकन वळली आणि मागच्या पायांनी पाठीवरचे केस झाडले. दोन दिवस मनगट खाजत होतं.

"प्रेमाची खूण आहे, जपून ठेवा," शिंपी म्हणाला.

घरी रातकिड्यांचा डबा पाहून बायकोनं कपाळाला हात लावला. "जन्मभर मी घरातले किडे मारले. आता ते विकत यायला लागले!"

मग एका शांत दुपारी, किल्ल्यांची किणकिण ऐकत अर्धवट झोपेत असताना, त्यांना एक गोष्ट दिसली. भाडेकरीण सालीच्या तोंडाशी बसली होती. एक गिऱ्हाईक आलं. त्यांनी मशीनचं बटण दाबायला हात नेला. अजून मशीन सुरूही झालं नव्हतं, नुसतं बाकडं त्यांच्या कोपराच्या वजनानं दबलं, आणि तिनं आठही पाय पोटाशी ओढले. मशीन घरघरलं तशी ती मातीला चिकटूनच गेली. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी बाकड्याच्या पार दुसऱ्या टोकाला नखानं हलकेच खरवडलं. तिचा एक पाय उचलला गेला. हवेत थांबला. अगदी हळू, त्या दिशेला टेकला.

ही डोळ्यांनी बघतच नव्हती. ही पायांनी ऐकत होती.

किल्लीवाल्यांनी स्वतःची बोटं पाहिली. त्यांना वाटलं, ही तर आपल्याच धंद्यातली निघाली. आणि आपण तिला महिनाभर गिरणीत आणून बसवलंय! तसेच उठून त्यांनी दुकान बंद केलं आणि पेटी पोटाशी धरून, पाऊल न वाजवता ते घरी आले. पेटी मुलीच्या खोलीत ठेवली, भिंतीच्या आडोशाला.

तिथे तिचं रूपच पालटलं. दोन दिवसांत तिनं सालीखाली बीळ खोदलं. किल्लीवाले आता रोज जेवायला घरी येत आणि परत जाण्याआधी तासभर त्या खोलीत खुर्ची टाकून बसत. ती बिळाच्या तोंडाशी पोटाच्या टोकातून रेशीम काढत असे, इकडून तिकडे, तिकडून इकडे, जसं कोणी न दिसणारं अंथरूण घालतंय. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत असे. कधी डोळा लागायचा आणि स्वप्नात एक मोठं थोरलं कुलूप दिसायचं. त्याच्या आतून ते स्वतःच चालत असायचे, आठ पायांनी, एकेका खुंटीला हात लावत. वाटीत माती पडली तर आता ते ती लगेच उपसत नव्हते. तिचं घर, तिची मांडामांड.

मग तिनं खाणं सोडलं. रातकिडा अंगावरून गेला तरी ढुंकून पाहीना. रंग मळकट झाला, केस झाडून पाठीवर पडलेला टकलाचा डाग काळाभोर. आणि एका सकाळी पाहिलं तर बिळाचं तोंड बंद होतं. माती आणि रेशीम यांचा घट्ट विणलेला पडदा.

पहिला आठवडा किल्लीवाल्यांनी कागदावरची ओळ वाचत काढला. दुसऱ्या आठवड्यात ते दिवसातून चारदा खोलीत डोकावू लागले. मुलीचा फोन रविवारी यायचा, तंबूमागच्या टेकडीवर चढून केलेला. नेमके दोन रविवार तो आला नाही.

"गेली असेल," शिंपी म्हणाला. "एवढे दिवस उपाशी कोण राहतं?"

"वास येतो का बघा," बायको म्हणाली.

आपल्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट आपल्या हातून मेली, असं मुलीला सांगावं लागलं तर? तेविसाव्या दिवशी त्यांनी दुकानातून सगळ्यात बारीक तार आणली. आणि सवय बघा, पेटीच्या चौकटीवर बोटानं तीनदा ठोकलं. "मी आहे," असं हळूच म्हणाले. या वेळी साठ मोजले, एकही आकडा न गाळता. मग तार घातली.

रेशीम तारेला चिकटून आलं आणि पडदा कोसळला. विजेरीच्या उजेडात आत पांढऱ्या गादीवर ती दिसली. मलूल, पसरलेली. मग तिनं एक पाय, फार सावकाश, अंगाशी घेतला.

"जिवंत आहे!" ते ओरडले. परक्या घरांत हेच शब्द त्यांनी कितीदा उच्चारले होते. बायको दाराशी येऊन उभी राहिली, पडलेल्या पडद्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात परतली.

दुसऱ्या दिवशी भाडेकरीण बिळाबाहेर होती. पेटीच्या उघड्या कोपऱ्यात, भर उजेडात, पाय आवळून.

रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी तो बायकोच्या हातातून घेतला. "मी दार उघडलं," ते म्हणाले.

पलीकडे फक्त वारा होता.

"कात टाकायच्या तयारीत होती ती, बाबा," मुलगी शेवटी म्हणाली. "तेव्हा अंग लोण्यासारखं होतं. म्हणून आधी दार लावून घेतात. उघड्यावर कात टाकताना धक्का लागला तर मरेल ती."

"आता काय करू?"

"काही नाही. काहीच करू नका. ती परत बंद करून घेईल." मग जरा थांबून, "घेतलं तर."

नऊ दिवस ती त्या कोपऱ्यातून हलली नाही. किल्लीवाले दुकानात जात, पण हात चालत नसत. एक किल्ली दोनदा चुकीची घासली गेली. दुपारी ते खोलीत येत, मात्र खुर्ची आता पेटीपासून लांब, दाराबाहेर ठेवत.

सातव्या किंवा आठव्या दुपारी शिंपी घरी डोकावला. पेटीकडे मान उंचावून म्हणाला, "वा! भाडेकरीण छान मोकळी बसलीय की. माणसाळली म्हणायची."

किल्लीवाले 'हो' म्हणायला गेले आणि थबकले. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. असंच काहीसं ते स्वतः कोणाला तरी सांगत आले होते, अकरा वर्षं, कौतुकानं. शिंपी खोलीचं दार लोटून गेला. कवडसा त्यांच्या पायाशी आला, पायावर चढला. त्यांनी मान वर करून दारातलं भोक पाहिलं. भोकापलीकडे पोरीचा पलंग सरळ दिसत होता. उशीसुद्धा.

ती मोकळी बसली नव्हती. तिला दारच उरलं नव्हतं.

बायको चहा घेऊन आली, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिनं कप शेजारी ठेवला.

"अगं, रात्री कपडे बदलायला वगैरे पोरगी कुठे जायची?"

"न्हाणीघरात," बायको म्हणाली. "तुम्हाला आत्ता विचारावंसं वाटलं?"

दहाव्या दिवशी भाडेकरीण उठली. थकल्या माणसासारखी एकेक पाय टाकत बिळात गेली. तिनं आतून माती लोटायला सुरुवात केली तेव्हा किल्लीवाले उठून खोलीबाहेर गेले. संध्याकाळी आले तर पडदा होता, पहिल्यापेक्षा जाड.

त्यानंतरचे दोन महिने दुकानात एक काम मागच्या बाजूला चालू होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं एक खटका घडवला. आतून अंगठ्यानं फिरवला की बोल्ट चौकटीत जायचा. बाहेरच्या बाजूला भोक नाही, फट नाही, सपाट लाकूड. घडवताना ते पुन्हापुन्हा आपली सगळ्यात बारीक तार घेऊन बसत आणि कुठून शिरकाव होतो का ते पाहत. जिथे झाला तिथे पत्रा वाढवला. शेवटी एका दुपारी डोळे मिटून तासभर प्रयत्न केला आणि हरले. इतकं समाधान त्यांना कुठलंही कुलूप उघडून झालं नव्हतं.

दारातलं भोक बुजवायला सुतार आला. पेटीशेजारी ठाकठोक नको म्हणून दार बिजागऱ्यांतून काढून त्याच्याकडेच नेलं. त्यानं लाकडाची गोल चकती बसवून वरून रंग दिला.

"बाहेरून काहीच नाही?" सुतार म्हणाला. "आत कोणी अडकलं तर?"

"तर आतल्यानं हाक मारायची."

"अन् तुम्ही काय करणार?"

"ओ देणार."

सुतारानं त्यांच्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

पाच महिन्यांनी मुलगी परत आली, उन्हानं रापलेली. बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "ती?"

"दुसऱ्यांदा बंद करून घेतलंय त्याला आज एकसष्ट दिवस झाले," किल्लीवाले म्हणाले. "मी हात लावलेला नाही. आत काय आहे मला माहीत नाही." त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली. "कदाचित माझ्यामुळे…"

"थांबू या," ती म्हणाली. "तिचं झालं की येईल."

ती खोलीत गेली. पेटीजवळ गुडघ्यांवर बसली, न बोलता, न टकटक करता. उठताना तिची नजर दाराकडे गेली. जिथे भोक होतं तिथे तिनं बोट फिरवलं. मग आतल्या बाजूचा खटका पाहिला. दोनदा फिरवला.

"बाहेरून कसं उघडतं हे?"

"नाही उघडत."

"तुम्हालासुद्धा?"

"मला तर मुळीच नाही. तासभर खपलो."

तिला हसू आलं, ते तिनं गालात दाबलं. "बाबा, प्रवासानं अंग दुखतंय. जरा पडते."

"पड की. ही पेटी बाहेर घेऊ?"

"घ्या. हलक्या हातानं."

त्यांनी पेटी बाहेर आणून बैठ्या मेजावर ठेवली. मागे दार लागलं. मग बोल्ट सरकल्याचा आवाज आला, त्यांनीच घासूनपुसून गुळगुळीत केलेला, जेमतेम ऐकू येईल असा. किल्लीवाले डोळे मिटून तो ऐकत राहिले. फरशीवर आज कवडसा नव्हता. घर पाण्याखाली गेल्यासारखं मऊ झालं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा पेटीतल्या पडद्यावरून मातीचा एक खडा घरंगळला. मग दुसरा. पडद्याला भोक पडलं, आतून. त्यातून एक पाय बाहेर आला, काळाशार, मखमलीसारखा, नवाकोरा. तो हवेत थांबला, जमीन ऐकली आणि टेकला. त्यामागून दुसरा. ती सगळी बाहेर आली तेव्हा पूर्वीपेक्षा बोटभर मोठी दिसत होती. मागे वळून तिनं बिळातून काहीतरी ओढून काढलं आणि बाहेर टाकून दिलं. आठ पोकळ पायांची, जुन्या तपकिरी रंगाची कात.

किल्लीवाले उठले. चार पावलांत ते दाराशी पोहोचले. थाप मारायला हात वर गेला आणि दारापासून वीतभर अंतरावर थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि परत खुर्चीत येऊन बसले.

बायको पदराला हात पुसत आली. पेटी पाहून तिनं तोंडावर हात धरला. "अहो, आली की बाहेर! पोरीला हाक मारा!"

"थांब गं," किल्लीवाले बंद दाराकडे बघत म्हणाले. "येईलच ती."